दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचा नकाशा काढताना

ब्राझीलच्या खालच्या अंगाला, सांता कातारिना राज्यात, जॉईनव्हिल नावाचं शहर आहे. किनाऱ्याजवळचं, दमट, पाऊस भरपूर, हिवाळा बऱ्यापैकी गार. तिथल्या साचलेल्या पाण्यावर एक तरंगता नेचा वाढतो, साल्व्हिनिया मोलेस्टा, आणि त्या नेच्यावर एक काळा सोंडवाला भुंगेरा राहतो, जेमतेम दोन मिलिमीटरचा. नाव सिर्टोबेगस साल्व्हिनिए. आपल्याकडे धान्यात सोंडे होतात ना, त्यांच्या लांबच्या भाऊबंदांतला. त्याचं सगळं आयुष्य त्या नेच्यावरच जातं, मोठे भुंगेरे कोवळे कोंब कुरतडतात, कुरतडून झालेल्या खळग्यात मादी एकेक अंडं घालते, अळी दांड्याच्या आतून पोखरत जाते, आणि शेवटी मुळांच्या केसांचा कोष करून पाण्याखालीच बसते. नेचा तपकिरी पडतो, कुजतो आणि तळाला जातो.

एवढासा किडा पृथ्वीवर अजून कुठे कुठे जगू शकेल, या प्रश्नाने मला सध्या पछाडलंय.

माझं रोजचं काम नकाशांचंच आहे, सॅटेलाइट इमेज, लेयर, ग्रिड वगैरे, आणि किड्यांचं वेड कॉलेजपासूनचं, त्यामुळे दोन्ही एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे एखादी प्रजाती कुठे असू शकेल याचा नकाशा काढणं, आणि ते मी आवडीने करते. पण हा भुंगेरा निवडण्याचं खास कारण असं की बाकी बहुतेक किड्यांच्या बाबतीत नकाशा काढला की तो बरोबर आहे का हे तपासायला काही नसतं, जंगलात जाऊन कोण बघणार. याच्या बाबतीत मात्र माणसांनीच गेल्या चाळीस वर्षांत त्याला उचलून ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, आफ्रिका, श्रीलंका, भारत, अमेरिका असं सगळीकडे सोडलंय. कुठे तगला, कुठे गारठून मेला, कुठे उपाशी राहिला, सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे नकाशाची परीक्षा आधीच होऊन गेलीय, आपण फक्त पेपर तपासायचा.

पद्धत ऐकायला सोपी आहे. तो प्राणी जिथे जिथे सापडलाय तिथले अक्षांश-रेखांश घ्यायचे, म्युझियममधल्या लेबलांवरचे, जुन्या सर्व्हेंमधले, हल्ली लोक मोबाईलवर फोटो काढून टाकतात ते, यातलं बरंच काही जीबीआयएफ नावाच्या जागतिक साठ्यात फुकट मिळतं. मग वर्ल्डक्लिम नावाच्या हवामानाच्या साठ्यावरून हवामानाचे लेयर डाउनलोड करायचे, त्यात 19 प्रकारचे आकडे असतात, वर्षाचं सरासरी तापमान, सगळ्यात थंड महिन्यातलं किमान, सगळ्यात कोरड्या तीन महिन्यांतला पाऊस असे. आणि दोन्ही मॅक्सेंटसारख्या प्रोग्रॅमच्या हवाली करायचं. मॅक्सेंट 2006 पासून या कामात इतकं रुळलंय की या विषयावरचा कुठलाही पेपर उघडा, त्याचं नाव असण्याची शक्यता खूपच. प्राणी सापडला तिथलं हवामान आजूबाजूच्या एकूण हवामानापेक्षा कशात वेगळं आहे ते तो बघतो, आणि मग जगात तसं हवामान कुठे कुठे आहे ते रंगवून देतो. लाल म्हणजे मानवेल, निळं म्हणजे नाही.

मी फक्त मूळ घरातल्या नोंदी घेऊन हे केलं, म्हणजे दक्षिण ब्राझील आणि आजूबाजूचा भाग. नकाशा आला तो फार सुंदर. ब्राझीलचा दक्षिण किनारा लालभडक, उरुग्वे आणि ईशान्य अर्जेंटिना नारिंगी, समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, दक्षिण आफ्रिकेचा डर्बनकडचा भाग, चीनचा आग्नेय कोपरा, सगळं कसं पुस्तकात दाखवावं तसं. मॉडेल किती चांगलं आहे ते सांगणारा एक आकडा असतो, एयूसी म्हणतात, जास्तीत जास्त 1 येतो, तोही 0.9 च्या वर.

आणि केरळ निळा.

केरळ निळा दिसला आणि मी खुर्चीत सरसावून बसले, कारण केरळात हा भुंगेरा 1980 च्या दशकापासून सुखाने नांदतोय! साल्व्हिनियाला तिथे आफ्रिकन पायल म्हणतात. कुट्टनाडमधली भातखाचरं, कालवे, सगळीकडे त्याचा गालिचा पसरला होता, होड्या चालेनात, भात लावायच्या आधी मजूर लावून ते काढावं लागायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियाहून हा भुंगेरा बंगळुरूला आणला, तिथे आधी एका लिलीच्या तळ्यात सोडून बघितला, वर्षभराच्या आत तळं मोकळं झालं. मग केरळ कृषी विद्यापीठाने तो केरळात सोडला, आणि दोन-तीन वर्षांत बंद पडलेले कालवे पुन्हा होड्यांसाठी खुले झाले. इतकं यश आणि माझा नकाशा म्हणतोय की इथे हा जगणार नाही.

मॉडेल बिघडलेलं नव्हतं, डेटा खोटा नव्हता. मॉडेलने प्रामाणिकपणे सांगितलं की जॉईनव्हिलसारखं हवामान केरळात नाही, आणि ते खरंच नाही. जॉईनव्हिल 26 अंश दक्षिणेला, तिथे जुलैच्या रात्री गार असतात, केरळ 10 अंश उत्तरेला, तिथे थंडी अशी नसतेच. पण भुंगेरा मूळ घरी जिथे दिसतो ते त्याला मानवणारं सगळं हवामान नव्हे, कारण तो राहतो नेच्याच्या मागे मागे, नेचा आहे तिथे तो. आणि नेचा मूळ घरी फार छोट्या पट्ट्यात आहे, साधारण 24 ते 32 अंश दक्षिण, ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतचा भाग. हा नेचा वांझ आहे, बीजाणूंपासून नवीन रोप होत नाही, तुकडे तुटून तुटून वाढतो (परिस्थिती जुळून आली तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो, यावरून अंदाज घ्या), त्यामुळे डोंगर ओलांडून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात आपण होऊन जाणं त्याला अवघडच. म्हणजे मी भुंगेऱ्याचा नकाशा काढतेय असं समजत होते, प्रत्यक्षात मॉडेलने काढला होता तो नेच्याच्या मूळ गावाचा.

आणि हे मूळ गाव सापडायलाच जगाला किती वर्षं लागली ते बघा, मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात जास्त भिडतो.

साल्व्हिनिया श्रीलंकेत 1939 च्या सुमारास पोचला. 1958 च्या शेवटी झांबेझी नदीवर करिबा धरण अडवलं आणि पुढच्याच वर्षी त्या नव्या तलावात तो दिसला, 1962 पर्यंत सुमारे 1000 चौरस किलोमीटर पाणी त्याने झाकलं. हाहाकार उडाला. तेव्हा सगळे त्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सापडणारा एक जवळचा नातेवाईक. मग साहजिकच शत्रूकीटक शोधायला लोक गेले ते त्रिनिदाद, गयाना या बाजूला, ऑरिक्युलाटा जिथे आहे तिथे. तिथून एक नाकतोडा आणला, एक पतंग आणला आणि एक सोंडवाला भुंगेरा आणला, सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस. आफ्रिकेत सोडले, फिजीत सोडले, नाकतोडा तर केरळातही सोडला. काही ठिकाणी ते टिकले पण तणाला म्हणावा तसा धक्का लागला नाही. वर्षं गेली, पैसा गेला, लोक हळूहळू म्हणायला लागले की किड्यांनी हे होणारं काम नाही.

1972 मध्ये डी. एस. मिचेल यांनी दाखवून दिलं की हा नेचा ऑरिक्युलाटा नाहीच, ही वेगळी प्रजाती आहे, आणि तिला मोलेस्टा नाव दिलं. मग प्रश्न आला की याचं मूळ घर कोणतं? ते 1978 मध्ये सापडलं, फोर्नो आणि हार्ली या सीएसआयआरओच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेच्या, संशोधकांना, दक्षिण ब्राझीलमध्ये. तिथल्या नेच्यावर भुंगेरे मिळाले, दिसायला हुबेहूब सिंग्युलॅरिस, म्हणून तेच नाव धरून ते ऑस्ट्रेलियात आणले आणि 1980 मध्ये क्वीन्सलँडमधल्या माउंट आयसा गावाजवळच्या मूंडारा तलावात सोडले. साधारण वर्षभरात तलाव साफ. तोच किडा (असं समजत होते) आफ्रिकेत ढिम्म आणि इथे वर्षभरात तलाव मोकळा, हे कसं काय म्हणून बारकाईने तपासलं तेव्हा कळलं की हा वेगळाच भुंगेरा आहे. 1985 मध्ये काल्डर आणि सँड्स यांनी त्याला सिर्टोबेगस साल्व्हिनिए हे नाव दिलं. म्हणजे भुंगेऱ्याने आधी काम करून दाखवलं आणि त्याचं बारसं नंतर झालं.

नकाशा काढणाऱ्यासाठी यात फार मोठी गोष्ट आहे. जुन्या लेबलांवर सिंग्युलॅरिस लिहिलेलं असेल तर तो नक्की कोण? 1985 आधीच्या नोंदींवर आंधळेपणाने विसंबता येत नाही, आणि फ्लोरिडात तर अजून पुढचा घोळ, तिथे 1960 पासून एक सिर्टोबेगस आहे, तोही बरीच वर्षं सिंग्युलॅरिस म्हणूनच खपला, आणि नंतर डीएनए बघितल्यावर तो साल्व्हिनिएच्या जवळचा निघाला, पण ब्राझीलवरून आलेल्यांपेक्षा आकाराने लहान आणि जरा वेगळ्या वळणाचा. आता या सगळ्यांचे ठिपके एकाच फाइलमध्ये एकाच नावाखाली टाकले तर मॉडेल बिचारं दोन-तीन वेगवेगळ्या जीवांची आवडनिवड एकत्र कालवून एक सरासरी काढणार, जी त्यातल्या कुणाचीच नाही. माझं मत स्पष्ट आहे, या कामात प्रोग्रॅम चालवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ प्रत्येक ठिपका कुणी, कधी, कशावरून नोंदवला ते बघण्यात गेला पाहिजे. काही ठिपके तर राज्याच्या बरोबर मध्यबिंदूवर पडतात, कारण लेबलावर फक्त राज्याचं नाव असतं आणि कंप्युटरने मध्य गाठून तिथे टिंब ठेवलेलं असतं, तिथे पाणीही नसतं.

आणि ठिपके कुठे नाहीत हेही बघावं लागतं. मूळ घरी हा नेचा फारसा त्रास देत नाही, भुंगेरा आणि बाकीचे शत्रू त्याला आवरून धरतात, मग तिथे जाऊन दोन मिलिमीटरचा काळा किडा कोण शोधणार? जिथे तण डोक्यावर बसतं तिथे फंड येतो, माणसं येतात, नोंदी होतात. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच किड्यांचं हेच आहे. टायटॅनस जायगँटियस, तो ॲमेझॉनचा सोळा-सतरा सेंटिमीटरचा राक्षसी भुंगेरा, त्याचे नर रात्री दिव्याकडे येतात म्हणून सापडतात, त्याची अळी आजवर कुणालाही मिळालेली नाही. मग त्याच्या नकाशावरचे ठिपके भुंगेरा कुठे आहे हे जितकं सांगतात तितकंच रस्ता, वीज आणि चादर लावून बसलेला माणूस कुठे होता हेही सांगतात.

बरं, परत आपल्या भुंगेऱ्याकडे. केरळ निळा आला म्हटल्यावर मी ठिपक्यांची वाट सोडली आणि दुसरी वाट धरली. ठिपक्यांवरून मागे जाण्याऐवजी किड्याच्या शरीरापासून सुरुवात करायची, त्याला किती थंडी सोसते, किती गरमी चालते, अंडी कधी घालतो, आणि ते आकडे घेऊन नकाशाकडे जायचं. क्लायमेक्स नावाचं मॉडेल याच विचारावर चालतं, सदरस्ट आणि मेवाल्ड यांनी ते 1985 मध्ये मांडलं, तेही ऑस्ट्रेलियातच, आणि मला वाटतं हा योगायोग नाही, बाहेरून आलेल्या जिवांनी ज्या देशाला इतकं पिडलंय तिथेच हा प्रश्न सगळ्यात आधी पोटतिडकीने विचारला जाणार.

प्रयोगशाळेतले आकडे असे: साधारण 13 अंशाखाली मोठा भुंगेरा खाणंच थांबवतो. अंडी घालायला 21 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऊब लागते. अंडी 20 अंशाखाली उबत नाहीत आणि 36 च्या वर गेली तरी उबत नाहीत. बस, एवढ्या चार-पाच आकड्यांवर मी महिन्या-महिन्याचं तापमान घेऊन, वर्षातले किती महिने हा किडा वाढू शकतो, याचा साधा नकाशा काढला, त्यात ना 19 लेयर ना एयूसी, आणि केरळ बारा महिने हिरवा! न्यू गिनी हिरवा, श्रीलंका हिरवी, क्वीन्सलँड बरेच महिने हिरवा. जिथे जिथे भुंगेऱ्याने खरोखर मैदान मारलंय ते सगळं आलं.

पण थांबा, इथेही सगळं सुटत नाही. न्यू गिनीतली सेपिक नदी बघा. तिथे साल्व्हिनिया 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पोचला आणि बघता बघता नदीकाठची तळी आणि वळणं त्याने गिळली. त्या भागात रस्ते नाहीत, नदी हाच रस्ता, होडी चालली नाही तर मासे नाहीत, बाजार नाही, शाळा नाही, आजारी माणसाला दवाखान्यात नेणं नाही. माणसं गावं सोडून गेली. तिथलं तापमान भुंगेऱ्यासाठी एक नंबर, 4 अंश दक्षिण, बारा महिने उबदार. पण भुंगेरे सोडले तर काही ठिकाणी ते वाढेचनात. कारण नेचा आतून उपाशी होता, पाण्यात नायट्रोजन कमी, त्यामुळे कोंबात नायट्रोजन कमी, आणि असले कोंब खाऊन मादीला अंड्यांपुरतं पोषण मिळेना, अळ्यांची वाढ खुंटली. तेव्हा संशोधकांनी काय केलं तर तणाच्या छोट्या छोट्या तुकड्यांवर चक्क युरिया टाकला. ज्या तणाला मारायचंय त्याला खत घातलं! कोंब हिरवेगार झाले, भुंगेऱ्यांना बाळसं आलं, संख्या एका मर्यादेपलीकडे गेली, आणि पुढची गंमत अशी की भुंगेऱ्यांनी कुरतडलेला नेचा जे नवीन कोंब फोडतो त्यात नायट्रोजन जास्त येतो, म्हणजे एकदा गाडी सुरू झाली की पुढे युरियाची गरजच उरत नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे 250 चौरस किलोमीटरवरचं तण जवळजवळ नाहीसं झालं आणि माणसं परतली. 1985 मध्ये सीएसआयआरओच्या या कामाला युनेस्कोचा सायन्स प्राइज मिळाला. आता सांगा, पाण्यातल्या नायट्रोजनचा लेयर कुठे मिळणार? सगळ्या जगाचा, तळ्या-तळ्याचा? असा लेयर माझ्या नकाशात नाही, आणि माझा हिरवा रंग इतकंच म्हणतो की थंडी-गरमीने हा मरणार नाही.

दुसरं टोक थंडीचं. टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवर कॅडो लेक आहे, पाण्यातून वर आलेली सायप्रसची झाडं, त्यांच्यावर लोंबणारं शेवाळासारखं स्पॅनिश मॉस, फार देखणी जागा, आणि तिथे साल्व्हिनियाने मांडलेला उच्छाद. भुंगेरे सोडले, उन्हाळाभर छान वाढले, पण कडक थंडीचं वर्ष आलं की बहुतेक मरतात, आणि नेचा मात्र बर्फाखालच्या एखाद्या दडलेल्या कोंबातून पुन्हा उठतो. तिथल्या लोकांनी एकत्र येऊन ग्रीनहाऊस उभारलं, दर वर्षी भुंगेरे वाढवून वसंतात सोडायचे. संशोधक वेगळ्या दिशेला गेले, त्यांनी विचारलं की दक्षिण अमेरिकेत याच भुंगेऱ्याच्या वस्तीचं सगळ्यात थंड टोक कुठलं? तर अर्जेंटिनाकडे, पाराना नदीच्या खालच्या अंगाला. तिथल्या भुंगेऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जास्त थंडी काढलीय, मग त्यांच्या अंगात ती सोसायची ताकद जास्त असेल का? या प्रश्नावर काम झालं, वेगवेगळ्या ठिकाणचे भुंगेरे एकाच थंडीत ठेवून बघितले, आणि सगळे सारखे नाहीत हे दिसलं. माझ्या दृष्टीने मूळ घराच्या नकाशाचा खरा उपयोग हा. परदेशात कुठे जगेल याचं उत्तर त्यातून नीट मिळत नाही, पण कुठल्या गरजेसाठी कुठल्या गावचा भुंगेरा आणायचा हे ठरवायला त्याच्या कडा फार कामाला येतात.

अजून एक गोष्ट जी मला सतत टोचते. वर्ल्डक्लिमचं तापमान हे हवेचं, जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या आसपास मोजलेलं. भुंगेरा राहतो पाण्यात बुडालेल्या मुळांमध्ये, कोंबांच्या घडीत, अंगावरच्या बारीक केसांत हवेचा थर धरून. नेच्याचा थर जाड असेल तर आतली ऊब वेगळी, उथळ तळं वेगळं, खोल धरण वेगळं. हवेच्या 8 अंशात पाणी 15 ला असू शकतं आणि भुंगेऱ्याचं सगळं जगणं-मरणं त्या सात अंशांत आहे. आणि ग्रिडचा एक चौकोन मी वापरते तो विषुववृत्तावर जवळजवळ 18 किलोमीटरचा, त्यात गावाची दहा तळी सामावतात. बारीक ग्रिडही मिळतो, पण बारीक ग्रिड म्हणजे हवेचाच आकडा अजून बारीक तुकड्यात, पाण्याचा नाही.

हे सगळं मला आत्ता जास्त जवळचं वाटतंय त्याचं कारण सारणी. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात, म्हणजे आपल्या अमरावतीच्या डोक्यावर, सारणीला औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्यासाठी बांधलेला सातपुडा जलाशय आहे. गेल्या काही वर्षांत तिथे साल्व्हिनिया पसरला, स्थानिक लोक त्याला चायनीज झालर म्हणतात, मासेमारांचं पोट त्या पाण्यावर आणि पाणी दिसेना अशी अवस्था. जबलपूरच्या खरपतवार अनुसंधान निदेशालयाने, म्हणजे तणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने, केरळातून हाच भुंगेरा आणून वाढवला आणि तिथे सोडला, आणि त्याने तिथेही तण आटोक्यात आणलं. केरळाचा भुंगेरा, ज्याने चाळीस वर्षांत थंडी बघितली नव्हती, बैतूलच्या हिवाळ्यात, जिथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री 10 अंशाखाली जातात! माझ्या महिन्यांच्या नकाशात सारणीच्या चौकोनाला हिवाळ्याचे महिने कोरे आहेत, अंडी नाहीत. पण कोरे महिने म्हणजे मृत्यू नव्हे, मोठा भुंगेरा बरेच महिने जगतो, न खाता दम धरतो आणि ऊन वाढलं की पुन्हा कामाला लागतो, म्हणून आता मी हिवाळ्यासाठी वेगळा लेयर करतेय, त्यात वाढ बघायची नाही, सलग किती दिवस खाणं बंद राहील एवढंच बघायचं. दख्खनच्या पठारावर आणि विदर्भात तो काळ फार मोठा येत नाही. उन्हाळ्याची बाजू मात्र मला जास्त धोक्याची वाटते, मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे उथळ तळ्याचं पाणी 36 च्या वर गेलं तर अंडी उबायची नाहीत, आणि तळंच आटलं तर सगळाच प्रश्न मिटला.

हे बोलायला लागलं की हमखास एक प्रश्न येतो, मग आपल्या मुळा-मुठेत, इंद्रायणीत, पवनेत जलपर्णी आहे तिथे का नाही सोडत भुंगेरे? तर जलपर्णीचे भुंगेरे वेगळे, निओकेटिना नावाचे, दोन प्रजाती, तेही दक्षिण अमेरिकेचेच, आणि तेही भारतात 1980 च्या दशकापासून आहेत, मणिपूरच्या लोकटक सरोवरात त्यांनी चांगलं काम केलंय. हवामान आपल्याकडे त्यांना चालतं, नकाशा हिरवाच येईल. अडचण नदीत आहे. पावसाळ्यात पूर येतो आणि जलपर्णीसकट भुंगेरे वाहून जातात, उन्हाळ्यात पोकलेन लावून काढतात तेव्हाही पानांबरोबर भुंगेरे काठावर जाऊन सुकतात, आणि उरलेल्या जलपर्णीला सांडपाण्यातून इतकं खत मिळतं की भुंगेरे खातील त्याच्याहून जोरात ती वाढते. सेपिकला युरिया टाकून जे साधलं त्याच्या नेमकी उलट बाजू आपल्या नद्यांमध्ये आहे, तिथे नायट्रोजन कमी होता आणि इथे अतोनात आहे. सांडपाणी आधी शुद्ध झालं तर भुंगेऱ्यांना काही संधी आहे, त्याआधी त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणं बरोबर नाही असं मला वाटतं.

साल्व्हिनियाच्या बाबतीत अजून वेळ आहे. हा नेचा मुख्यतः माणसामुळे फिरतो, ॲक्वेरियममधून, मत्स्यबीजाबरोबर, जाळ्यांना चिकटून, होडीच्या तळाला लागून, आणि भुंगेरा स्वतः फारसा उडत नाही, म्हणून नेचा पोचला म्हणून भुंगेरा पाठोपाठ पोचेल असं नाही, त्याला न्यावं लागतं. माझ्या नकाशात सगळ्यात मोठी पोकळी आहे ती सातपुडा आणि वैनगंगेच्या मधल्या पट्ट्यात, भंडारा, गोंदिया, बालाघाट, तळ्यांचा प्रदेश, हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव, आणि नेच्याच्या खात्रीच्या नोंदी माझ्या हाताशी नाहीत.

म्हणून त्या बाजूचं कुणी हे वाचत असेल तर एवढं करा. तळ्यावर तरंगणारं, जोडीजोडीने लागलेली जाड पानं असलेलं, पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जाणारं काही दिसलं तर एक पान उचलून उजेडात तिरपं धरा, मोबाईलची लेन्स जवळ न्या. पानाच्या वरच्या बाजूला उभे केस असतात, मोलेस्टाचे केस टोकाला परत एकत्र जुळलेले असतात, अंडं फेटायच्या बीटरसारखे, आणि ही खूण एकदा दिसली की विसरत नाही. टोकं मोकळी असतील तर तो दुसरा कुणी. केसांचा एक फोटो, अख्ख्या रोपाचा मुळांसकट एक, आणि तळ्याचा एक, असे आयनॅचुरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, लोकेशन चालू ठेवून, तारखेसकट. पानं तपकिरी दिसली तर कोंबाच्या घडीत डोकावून बघा, काळा बारीक ठिपका हलला तर त्याचाही फोटो घ्या. आणि रोप घरी आणू नका, कुंडीत नको, फिशटँकमध्ये नको, बघून झालं की तिथेच पाण्यात सोडा.